गोळा करणे थांबवायचे कधी? पुस्तकाचा आराखडा आणि रोजची बैठक

बांधावरून

मी पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो. गाव सातारा जिल्ह्यातले, पण नोकरीची शेवटची अकरा वर्षे धुळे जिल्ह्यात, त्यातली बहुतेक साक्री तालुक्यात गेली आणि पांझरेच्या काठी चालणाऱ्या फड पद्धतीने मला वेड लावले. ज्यांनी हे नाव ऐकलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर शेतकऱ्यांनी स्वतः चालवलेले लहान लहान बंधारे आहेत. बंधाऱ्याच्या पाटाखाली येणारी जमीन ‘फड’ नावाच्या मोठ्या तुकड्यांत विभागलेली असते, एका फडात एका हंगामाला एकच पीक घेतात, प्रत्येक खातेदाराची थोडी थोडी जमीन निरनिराळ्या फडांत असते आणि नदीला पाणी कमी असले तर त्या वर्षी कोणता फड कोरडा ठेवायचा हे सगळे मिळून ठरवतात, त्यामुळे तूट सर्वांच्याच अंगावर पडते. पाण्याची देखरेख पाटकरी (पाट सांभाळणारा), हवालदार (वरची देखरेख करणारा), जागल्या (राखणदार) आणि बारेकरी (शेतांना पाणी देणारा) करतात. या विषयावर तांत्रिक निबंध बरेच आहेत, पण ज्याच्या शेताकडेने तो पाट जातो त्याला वाचावेसे वाटेल असे पुस्तक आपण लिहावे, असे मी निवृत्तीच्या दिवशीच ठरवून टाकले.

त्यानंतरची दोन वर्षे मी अतिशय मेहनतीने वाया घालवली. गावोगाव हिंडून 46 मुलाखती घेतल्या, 1880 च्या खानदेश गॅझेटिअरमधून आणि 1883 च्या नाशिक गॅझेटिअरमधून टिपणे काढली, 1879 चा मुंबई प्रांताचा पाटबंधारे कायदा मुळातून वाचला आणि अकरा वह्या भरल्या. लिहून झालेल्या प्रकरणांची संख्या मात्र शून्य होती. कोणी विचारले की मी सांगत असे, ‘साहित्य जमवणे चालू आहे’, आणि हे उत्तर इतके भारदस्त वाटे की त्यावर पुढचा प्रश्न कोणी विचारत नसे. तो शेवटी सौभाग्यवतींनी विचारला. बाराव्या वहीला कव्हर घालत असताना त्या म्हणाल्या, “या पुस्तकात काय काय नसणार आहे, ते एकदा सांगा.” मला एकही गोष्ट सांगता आली नाही.

त्याच रात्री मी एक फुलस्केप कागद घेतला आणि पुस्तकाची नऊ प्रकरणे नऊ प्रश्नांच्या रूपाने लिहिली. ‘फड पद्धतीतील प्रशासन’ असे शीर्षक लिहिले की त्याखाली काहीही खपते. ‘रात्री पाण्याची चोरी झाली तर दुसऱ्या दिवशी काय होते?’ असा प्रश्न लिहिला की त्याचे उत्तर आपल्याजवळ आहे की नाही, हे लगेच कळते. प्रत्येक प्रश्नापुढे मी तीन रकाने आखले: हातात काय आहे, काय कमी आहे, आणि काय नसले तरी चालेल. खरे काम या तिसऱ्या रकान्याने केले. तो भरून झाल्यावर असे दिसले की नऊ प्रकरणांसाठी जेमतेम सहा गोष्टी कमी आहेत, आणि माझ्या 46 मुलाखतींपैकी प्रत्यक्षात उपयोगी पडतील अशा चौदा आहेत. उरलेल्या बत्तीस जणांचा चहा मी प्यालो, त्यांचे उपकार आहेतच. पण पुस्तक थांबून राहावे असे त्या मुलाखतींत काही नव्हते.

मग नऊ मोठे लखोटे केले आणि वह्यांतला मजकूर कार्डांवर उतरवून त्यांत टाकला. एक कार्ड नमुन्यादाखल सांगतो. वर डाव्या बाजूला सांगणाऱ्याचा क्रमांक, गाव आणि दिवस, उजव्या बाजूला प्रकरणाचा आकडा, तोही पेन्सिलीने, कारण तो बदलणार हे गृहीत धरलेले, आणि मध्ये एकच गोष्ट: ‘जागल्याला रोख पगार नव्हता, खळ्यावर धान्य मिळे, कोणी किती द्यायचे हे जमिनीवर ठरे.’ एका कार्डावर दोन गोष्टी लिहिण्याचा मोह झाला की दुसरे कार्ड घ्यायचे, एवढा नियम पाळला. हे कारकुनी काम सात आठवडे चालले आणि त्या सात आठवड्यांत मला माझे पुस्तक प्रथमच दिसू लागले.

लेखनाची वेळ पहाटे साडेपाच ते साडेसात अशी ठेवली. खात्यात आम्ही कामाची रोजवही ठेवत असू, तशीच या कामाचीही ठेवली: सुरुवात किती वाजता, शेवट किती वाजता, काय लिहिले, आणि उद्या पहिले वाक्य कोणते. हा शेवटचा रकाना रिकामा ठेवून उठायचे नाही, असे ठरवले होते. परिच्छेद पूर्ण झाल्याचे समाधान घेऊन उठलो, तर दुसऱ्या दिवशी खिडकीबाहेर पाहण्यात अर्धा तास जातो. परिच्छेद अर्धवट टाकून, पुढचे वाक्य वहीत नोंदवून उठलो, तर बसल्या बसल्या हात चालू लागतो. तीन महिन्यांनी रोजवही चाळली तेव्हा आणखी एक गोष्ट उघडकीस आली. ज्या ज्या सकाळी मी ‘फक्त एक आकडा पाहण्यासाठी’ गॅझेटिअर उघडले होते, त्या त्या सकाळी लेखन दहा ओळींच्या पुढे गेले नव्हते. तेव्हापासून सकाळी पुस्तक उघडणे बंद केले. आकडा आठवला नाही, तर तिथे चौकट काढून ‘पाहणे’ असे लिहायचे आणि पुढे जायचे. त्या चौकटी दुपारी भरायच्या.

आराखडा पाळला गेला का? नाही. पाण्याच्या तंट्यांवरचे चौथे प्रकरण लिहिता लिहिता फुगत गेले. तंटा गावातच मिटला तर काय होते आणि कचेरीपर्यंत गेला तर काय होते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे कागद समोर होता म्हणूनच ध्यानात आले आणि त्याची दोन प्रकरणे केली. सातवे प्रकरण, म्हणजे इतर प्रांतांतील पद्धतींशी तुलना, सबंध काढून टाकले, कारण ते मी केवळ विद्वत्ता दाखवण्यासाठी घातले होते.

आता पहिला खर्डा पूर्ण झाला आहे. दुसऱ्या हाताला सुरुवात करण्यापूर्वी इथल्या लिहित्या मंडळींचे अनुभव ऐकावेत, म्हणून हा धागा काढला. विशेषतः हे जाणून घ्यायचे आहे की माहितीपर पुस्तकाला उपयोगी पडलेली ही रीत कथा-कादंबरीला लागू पडते का.

अर्धविराम

धागा वाचून समाधान वाटले, कारण मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसतो. गेली वीस वर्षे मी दुसऱ्यांच्या हस्तलिखितांचे संपादन आणि मुद्रितशोधन करतो आहे, आणि एखादे हस्तलिखित आराखड्यावरून उतरले आहे की नाही, हे पहिल्या पंचवीस पानांत कळते. आराखडा नसलेल्या हस्तलिखितात एकच गोष्ट तीन ठिकाणी, तीन वेगवेगळ्या निमित्तांनी सांगितलेली असते आणि प्रत्येक वेळी ‘वर सांगितल्याप्रमाणे’ हे शब्द असतात.

आपल्या रीतीत मला एक भर घालावीशी वाटते. दुसरा हात फिरवण्यापूर्वी एक निर्णयवही करावी. आपल्याच विषयातले उदाहरण घ्या. आपल्या नदीचे नाव ‘पांझरा’ असेही छापलेले आढळते आणि ‘पांजरा’ असेही. ‘खानदेश’ आणि ‘खान्देश’ ही दोन्ही रूपे चालतात. मुलाखत देणाऱ्याचे बोलणे अहिराणीत असेल, तर ते तसेच ठेवून खाली अर्थ द्यायचा की प्रमाण मराठीत आणायचे? जुने एकर, बिघे तसेच ठेवायचे की हेक्टर करायचे? या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर कोणतेही असले तरी बिघडत नाही. ते पान 14 वर एक आणि पान 140 वर दुसरे असले की बिघडते. निर्णय एकदा घ्यावा, वहीत लिहावा, आणि बदलला तर बदलल्याची तारीख लिहावी. हे काम लेखकाने केले नाही, तर ते मुद्रितशोधकाच्या अंगावर येते आणि त्याला लेखकाच्या मनातले ठाऊक नसल्यामुळे तो आपल्या मनाने करतो. त्यातून पुढे जे होते त्याला लेखक ‘प्रकाशकाने वाट लावली’ असे म्हणतात.

दुसरी गोष्ट टंकलेखनाची. आपण हस्तलिखित कोणत्या टंकात देणार आहात, ते आजच ठरवा. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या एका चरित्राची निम्मी प्रकरणे जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये आणि निम्मी युनिकोडमध्ये होती. रूपांतर करताना रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसले, ऱ्हस्व वेलांट्या जागा सोडून गेल्या आणि ‘कर्ज’, ‘वर्ष’, ‘मार्ग’ हे शब्द ओळखू येईनासे झाले. तीनशे पानांतले रफार हाताने शोधण्यात माझा सबंध भाद्रपद गेला, आणि तरीही एक चुकीचा शब्द छापला गेलाच. तो कोणता, ते सांगत नाही, कारण चरित्रनायकाचे कुटुंब आजही माझ्यावर नाराज आहे.

पानांचा अंदाजही आताच करून ठेवा. डेमी आकाराच्या पानावर मराठी मजकूर साधारणपणे अडीचशे ते तीनशे शब्द बसतो आणि छपाई सोळा पानांच्या फॉर्मच्या, म्हणजे एकत्र छापून दुमडायच्या कागदाच्या, हिशेबाने होते. आपला मजकूर 245 पानांचा झाला, तर सोळाव्या फॉर्मची अकरा पाने कोरी राहतात किंवा ऐनवेळी पाच पाने कापावी लागतात. हे गणित लेखकाला आधी माहीत असले, तर परिशिष्ट घालायचे की गाळायचे, याचा निर्णय तो स्वतः घेऊ शकतो.

रियाज

बांधावरून यांनी कादंबरीचे विचारले आहे, म्हणून लिहितो. माझ्या दोन कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या आहेत. पहिली मी असाच सविस्तर आराखडा करून लिहिली. प्रत्येक प्रकरणात कोण येणार, काय बोलणार, कुठे जाणार, हे सर्व भिंतीवर चिकटवलेले होते. कादंबरी ठरलेल्या मुदतीत झाली. आज ती उघडली की मला भिंतीवरचे कागद दिसतात, माणसे दिसत नाहीत. नायकाची बहीण तिसऱ्या प्रकरणात घर सोडून जाईल असे ठरले होते, म्हणून ती गेली; तिला जायचे होते का, हे मी तिला विचारलेच नाही.

दुसऱ्या कादंबरीच्या वेळी मी आराखडा केला नाही, बैठक मात्र सोडली नाही. माझा आक्षेप आराखड्याला आहे, सातत्याला नाही, आणि या दोन गोष्टी वरच्या लेखात एकत्र मिसळल्या गेल्या आहेत, असे मला वाटते. गवई रोज रियाजाला बसतो तेव्हा आज कोणती तान येणार, याची यादी घेऊन बसत नाही. पण तो बसतो.

शिवाय आराखडा कागदावरच असला पाहिजे, हा आग्रहही मला पटत नाही. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात 1910-11 च्या हिवाळ्यात, पेन्सिलीने, अवघ्या चार-पाच महिन्यांत गीतारहस्याचा खर्डा उतरवला. एवढ्या प्रचंड ग्रंथाला एवढा थोडा वेळ पुरला, तो काही कार्डे आणि लखोटे होते म्हणून नव्हे.

दफ्तरदार

रियाज यांनी दिलेले उदाहरण त्यांच्याच मुद्द्याच्या विरुद्ध जाते, असे मला नम्रपणे म्हणावेसे वाटते. टिळकांनी प्रस्तावनेत सांगितलेला क्रम पाहावा. 1872 साली वडिलांच्या अखेरच्या आजारात त्यांना गीतेवरील प्राकृत टीका वाचून दाखवताना या विषयाशी प्रथम संबंध आला. विचार पक्के होत गेल्यावर 1902 साली नागपूरला त्यावर व्याख्यान झाले, 1904 साली पुन्हा एकदा. आणि त्यानंतर तुरुंगातले लेखन. सुटकेनंतर हस्तलिखित सरकारकडून परत मिळून ग्रंथ 1915 साली प्रसिद्ध झाला. व्याख्यान देणे म्हणजे आराखडा लोकांसमोर तपासून पाहणेच होय. तासाभरात आपली मांडणी श्रोत्यांच्या गळी उतरते की नाही, हे ज्याने दोनदा अनुभवले आहे, त्याला भिंतीवर कागद चिकटवावे लागत नाहीत.

मला बोलायचे आहे ते मात्र धाग्याच्या शीर्षकाबद्दल. संग्रह थांबवण्याचा प्रश्न आमच्या इतिहासाच्या क्षेत्रात इतका जुना आहे की त्यावर स्वतंत्र ग्रंथ व्हावा, आणि तो लिहायला घेणाराही साधने जमवण्यातच अडकेल. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांचे उदाहरण सर्वांना ठाऊक असेल. ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाच्या संपादनाला जोडण्यासाठी धर्मशास्त्राच्या इतिहासाची ओळख करून देणारी प्रस्तावना लिहावी, एवढाच त्यांचा मूळ बेत होता. त्या प्रस्तावनेचा पहिला खंड 1930 साली निघाला आणि पाचव्या खंडाचा शेवटचा भाग 1962 साली, त्यांच्या वयाच्या 82 व्या वर्षी. पाने सहा हजारांहून अधिक झाली. बेत असा फिसकटल्यावर दुसरा एखादा माणूस अपुऱ्या टिपणांचे गाठोडे मागे ठेवून गेला असता. काण्यांनी मात्र प्रत्येक खंड स्वतःपुरता पूर्ण करून छापून टाकला आणि मगच पुढच्याला हात घातला, तेही वकिली सांभाळून. माझ्या मते या कामाचे मर्म त्या ‘छापून टाकला’ या दोन शब्दांत आहे.

दुसरे उदाहरण पुण्याच्या भांडारकर संस्थेतील महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे, म्हणजे अनेक हस्तलिखिते ताडून पाठ ठरवणाऱ्या आवृत्तीचे. काम 1919 साली सुरू झाले आणि 1966 साली संपले; आरंभ करणाऱ्यांपैकी बहुतेकांना शेवट पाहायला मिळाला नाही. 1925 पासून प्रमुख संपादक असलेले वि. स. सुकथनकर 1943 साली वारले, तरी काम थांबले नाही, कारण ते कोणा एकाच्या डोक्यात नव्हते. प्रत्येक श्लोकासाठी चौकटी आखलेला तक्ता असे. वरच्या ओळीत श्लोक, एकेका चौकटीत एकेक अक्षर, आणि खाली प्रत्येक हस्तलिखितासाठी एक ओळ, जिच्यात फक्त वेगळे पडणारे अक्षर नोंदायचे. बाराशेहून अधिक हस्तलिखितांचा व्याप अशा तक्त्यांवर तोलला गेला. आणि सुरुवातीलाच, सर्व पर्वांना हात घालण्यापूर्वी, 1923 साली उटगीकरांनी विराटपर्वाची तात्पुरती आवृत्ती काढून पद्धत कुठे अडते ते पाहून घेतले होते. बांधावरून यांना माझा प्रश्न असा, की आपण नऊ प्रश्न लिहिल्यावर पहिल्यापासून क्रमाने लिहीत गेलात, की आधी एखादे प्रकरण असे वानगीदाखल लिहून पाहिले?

रातांबा

मी मूळची गोव्यातल्या पेडण्याची, सध्या बेंगळुरूला असते, आणि मला पहाटेचे दोन तास मिळत नाहीत. नोकरी आहे, दोन मुले आहेत, आणि घरातले दिवे विझल्यावर जी चाळीस मिनिटे उरतात ती माझी. त्यामुळे वरची चर्चा वाचताना थोडा हेवा वाटला, हे मान्य करते. तरीही सांगण्यासारखे काही माझ्याजवळ आहे, कारण माझ्या पुस्तकाचा आराखडा मी केलेला नाही, तो पावसाने केलेला आहे.

मी आमच्या भागातल्या पावसाळी रानभाज्यांवर पाककृतींचे पुस्तक लिहिते आहे. पहिल्या वर्षी मी शब्दसंख्येचे लक्ष्य ठेवले होते, रोज दोनशे शब्द. ते छान पुरे होत गेले, आणि सप्टेंबरमध्ये माझ्या लक्षात आले की टाकळ्याबद्दल मी आठ पाने लिहिली आहेत, परंतु टाकळा या वर्षी एकदाही शिजवलेला नाही. टाकळ्याचा पाला पहिल्या पावसानंतर थोडे आठवडेच कोवळा असतो, पुढे तो राठ आणि कडवट होतो. रोन ओळमी, म्हणजे रानातल्या अळंब्या, वारुळावर उगवतात त्या श्रावणाच्या आसपास. रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, मिळतात ते पाऊस पडण्यापूर्वी, मे महिन्यात. एक हंगाम हुकला की ते पान वर्षभर कोरे.

म्हणून दुसऱ्या वर्षी मी शब्द मोजणे सोडले आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेलाच आराखडा केले. एका पाककृतीचे एकक असे ठरवले: ती मी तीन वेळा करायची, आणि चौथ्या वेळी, ज्याने ती कधी खाल्लेली नाही अशा कोणाकडून तरी, फक्त माझा कागद वाचून करवून घ्यायची. चौथ्या वेळी जे प्रश्न येतात ते कोणताही संपादक विचारणार नाही. माझ्या शेजारणीने विचारले, “मूठभर म्हणजे कोणाची मूठ?” मग सुट्टीत गावी गेले तेव्हा तराजू नेला. निवडलेल्या टाकळ्याची आईची मूठ 32 ग्रॅम भरली आणि माझी 24. आईच्या मुठीने लिहिलेल्या प्रमाणात मी माझ्या मुठीने भाजी करत होते आणि खोबरे जास्त झाले म्हणून वर्षभर खोबऱ्याला दोष देत होते.

चाळीस मिनिटांत लेखन होते का, असे कोणी विचारेल. लेखन होते, शोधाशोध होत नाही. म्हणून आठवड्याचे सगळे कागद रविवारी दुपारी एका पिशवीत, ज्या क्रमाने लागणार त्या क्रमाने ठेवते, आणि रात्री पिशवीत हात घातला की वरचा कागद हेच त्या दिवसाचे काम असते. निवडण्याची मुभा स्वतःला दिली की दमलेला माणूस नेहमी सोपा कागद निवडतो. बांधावरून, आपण तर मला वडिलांसारखे, म्हणून विचारते: आजारपण, पाहुणे, लग्नसराई अशा खंडानंतर आपण पुन्हा कसे बसलात? माझे एकदा तुटले की दोन महिने जातात.

बांधावरून

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे क्रमाने देत नाही, जे मला अडचणीचे वाटले ते आधी घेतो.

रियाज, आपला आक्षेप बरोबर आहे. मी आराखडा आणि सातत्य यांची सरमिसळ केली. कादंबरीतल्या माणसाला, तुला काय करायचे आहे, असे विचारता येते की नाही, हे मला ठाऊक नाही. पाटकऱ्याला विचारता येते आणि त्याने सांगितलेले बदलता येत नाही. आमच्या बाजूला घटना आधीच घडून गेलेल्या असतात, त्यामुळे आराखड्याने त्यांचा जीव जात नाही. आपल्या बाजूला तो जात असेल. मात्र दुसऱ्या कादंबरीच्या वेळी आपण रोज उठताना, उद्या कुठून सुरू करायचे हे मनाशी ठरवत होता का, हे कुतूहल आहे. ठरवत असाल, तर एका दिवसापुरता का होईना, तो आराखडाच झाला.

दफ्तरदार, मी क्रमाने लिहिले नाही. आपण सांगितलेले विराटपर्व मला माहीत नव्हते, पण नकळत तसेच केले. सर्वांत आधी सहावे प्रकरण लिहिले, कारण त्याचा लखोटा सर्वांत जाड होता आणि त्यातली माणसे मला चांगली ठाऊक होती. ते लिहिताना तीन गोष्टी कळल्या: मी प्रत्येक तांत्रिक शब्दाची व्याख्या देत सुटतो; एका प्रकरणाला सहा आठवडे लागतात, मी धरले होते तीन; आणि मुलाखतीतला संवाद जसाच्या तसा दिला तर वाचवत नाही. यातल्या दुसऱ्या शोधाने सबंध वेळापत्रक दुप्पट झाले. दुःख झाले, पण ते पहिल्याच प्रकरणाला झाले. धरणाच्या कामावर अंदाजपत्रक चुकल्याचे मला निम्म्या भिंतीनंतर कळत असे.

रातांबा, तुमच्या प्रश्नाचे उत्तर थोडे लाजत देतो. गेल्या वर्षी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आणि त्यापाठोपाठ घरी लग्न निघाले. साडेतीन महिने वही उघडली नाही. पुन्हा बसलो तेव्हा तुटलेल्या परिच्छेदापासून सुरुवात करण्याचा प्रयत्न चार दिवस केला आणि चारही दिवस उठून गेलो. पाचव्या दिवशी लेखन बाजूला ठेवले आणि आधीचे प्रकरण सुवाच्य अक्षरात उतरवून काढायला बसलो. हे शाळकरी काम होते, डोके लागत नव्हते, पण तिसऱ्या पानावर एक वाक्य खटकले, ते बदलले, मग दुसरे बदलले, आणि आठवडाभरात मी तुटलेल्या जागी आपोआप येऊन पोचलो. रोजवहीत त्या साडेतीन महिन्यांची पाने मी कोरीच ठेवली आहेत. मागच्या तारखा घालून ती भरण्याची सरकारी सवय इथे उपयोगाची नाही.

अर्धविराम, निर्णयवही कालच सुरू केली. नदीचे नाव ‘पांझरा’. बिघे आणि एकर मूळ नोंदीत असतील तिथे तसेच, हेक्टर कंसात. अहिराणी बोलणे अहिराणीतच, अर्थ त्याच परिच्छेदात पुढे.

अर्धविराम

निर्णय योग्य आहेत. एकच सुचवतो: सूचीसाठीची पानेही आताच राखून ठेवा. मराठी पुस्तकांत सूची शेवटच्या आठवड्यात सुचते आणि पहिल्यांदा कापली जाते. आपल्याकडे प्रत्येक कार्डावर गाव आणि विषय आधीच आहेत, म्हणजे आपली निम्मी सूची तयार आहे. पृष्ठांक तेवढे शेवटच्या प्रुफावरून घालावे लागतील.

रियाज

ठरवत होतो. रोज उठताना एक ओळ लिहून ठेवत असे, तीही त्याच पानाच्या तळाशी. याला आराखडा म्हणायला मी तयार नाही, परंतु वाद घालण्याइतका आत्मविश्वासही आता उरलेला नाही.

नवी पाटी

मी अजून काहीच लिहिलेले नाही, फक्त साहित्य जमवतो आहे. धाग्याचे शीर्षक वाचून दचकलो आणि सगळे प्रतिसाद वाचून काढले. एक शंका आहे. खर्डा पूर्ण झाला असे बांधावरून म्हणतात. तो पूर्ण झाला आहे, हे ठरवले कसे? तिसरा रकाना, म्हणजे ‘नसले तरी चालेल’, हा तर आपणच भरलेला असतो. त्यात एखादी महत्त्वाची गोष्ट चुकून गेली असेल, तर ते आपल्याला कोण सांगणार?

बांधावरून

प्रश्न नेमका आहे आणि त्याचे उत्तर मला गेल्याच आठवड्यात मिळाले, म्हणून लगेच लिहितो.

खर्डा झाल्यावर मी तिसरे प्रकरण घेऊन साक्रीकडे गेलो आणि ज्यांच्या सांगण्यावर ते मुख्यतः उभे आहे, त्या आजोबांना ते वाचून दाखवले. ते पूर्वी पाटकरी होते, आता ऐंशीच्या पुढे आहेत, आणि ओसरीवर बसून डोळे मिटून ऐकत होते. पहिली चार पाने काही बोलले नाहीत. मला वाटले झोपले. पाचव्या पानावर मी वाचले, ‘रात्री शेतकरी दारे धरायला जात’, म्हणजे पाटाचे पाणी शेताला द्यायला, तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि विचारले, “साहेब, हे तुम्ही कुठल्या गावचं लिहिलंय?” मी म्हणालो, तुमच्याच गावचे. ते म्हणाले, “आमच्याकडे बारे देतात. दारे तुमच्या साताऱ्याकडे धरत असतील.”

मी त्यांच्याशी तीन वर्षे बोललो होतो. ध्वनिमुद्रणात ते प्रत्येक वेळी ‘बारे’ म्हणाले आहेत, आणि मी प्रत्येक वेळी, ऐकताना की लिहिताना कोण जाणे, माझ्या गावचा शब्द त्यावर ठेवला आहे. ज्या माणसाला बारेकरी म्हणतात त्याचे काम मी पानेच्या पाने समजावून सांगितले होते आणि त्याच्या नावातला शब्दच पुसला होता. घरी येऊन शोधले, तर सबंध खर्ड्यात ‘दारे’ हा शब्द सतरा ठिकाणी निघाला.

त्यानंतर त्यांनी जागल्याच्या कार्डाबद्दलही एक गोष्ट सांगितली, जी मी तिसऱ्या रकान्यात टाकली होती: जागल्या रात्री फिरताना हातातल्या काठीचा आवाज मुद्दाम करी, तो चोराला कळावा म्हणून नव्हे, तर ज्याची पाळी पुढे आहे त्याला जाग यावी म्हणून. मला हे रंजक पण किरकोळ वाटले होते. त्यांनी समजावले की घड्याळ नव्हते तेव्हा पाळी त्या आवाजावर बदलत असे. म्हणजे पाणी मोजण्याच्या प्रकरणात मी जे कोडे ‘तपास व्हावा’ म्हणून सोडून दिले होते, त्याचे उत्तर माझ्याच लखोट्यात पडले होते.

तेव्हा, नवी पाटी, तिसरा रकाना आपणच भरायचा, पण खर्डा झाल्यावर तो एकदा मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि ज्याचा विषय आहे त्यालाच. वेळापत्रकात त्यासाठी मी एकही दिवस धरला नव्हता. आता उरलेल्या आठ प्रकरणांसाठी आठ फेऱ्या घातल्या आहेत, दिवाळीपर्यंतच्या. पुढची फेरी मोसमच्या काठी आहे. तिथे याच कामाला काय म्हणतात, ते निघण्यापूर्वी ध्वनिमुद्रणातून नीट ऐकून घेतो आहे.